ओव्हनवर सोपवलेला पॉट रोस्ट

पॉट रोस्ट म्हणजे मांसाचा अख्खा तुकडा, झाकलेल्या भांड्यात मंद आचेवर तासन्तास शिजवलेला. त्याला अक्कल लागते ती दुकानात. घरी आल्यावर फारशी लागत नाही.

सुपरमार्केटमध्ये बीफच्या कपाटात सगळ्यात देखणे तुकडे असतात ते लालबुंद, चरबी न दिसणारे, एकसारखे कापलेले. ते इथे कामाचे नाहीत. पॉट रोस्टला लागतो चक, म्हणजे जनावराच्या खांद्याचा भाग. खांदा आयुष्यभर राबलेला असतो, त्यामुळे हे मांस चिवट. त्यात चरबीच्या पांढऱ्या रेघा असतात आणि दोन स्नायू जिथे भेटतात तिथे जाड पांढरट पडदे. हा तुकडा तव्यावर परतून खायचा म्हटलं तर जबडा दुखेल. पण त्या पडद्यांमधलं कोलॅजेन मंद आचेवर, पुरेसा वेळ दिला की विरघळून त्याचं जिलेटिन होतं. रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो तो यामुळे. राउंड म्हणजे मागच्या मांडीचा तुकडा. तो दिसायला छान आणि चरबीला कमी, पण चार तास शिजवलात तर ताटात कोरडा भुसा येतो.

मी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात राहते. हे शहाणपण मला शेजारच्या बाईंनी दिलं. त्या निवृत्त नर्स, सत्तरी ओलांडलेल्या, घराणं मूळचं जर्मन. या शहरात जर्मन आडनावं आपल्याकडच्या कुलकर्ण्यांइतकी सापडतात. त्या माझ्याबरोबर दुकानात आल्या, कपाटासमोर चष्मा लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "स्टेक घ्यायचा तर देखणा घे. रोस्टला मात्र कुरूपच बघून घे." मग साडेतीन पौंडांचा, म्हणजे दीड किलोच्या जरा वरचा, वाकडातिकडा, पांढऱ्या रेघांनी भरलेला एक तुकडा त्यांनी माझ्या टोपलीत टाकला. लेबलवर 'चॉइस' लिहिलंय का तेवढं त्यांनी पाहिलं. अमेरिकेच्या शेती खात्याच्या प्रतवारीत 'सिलेक्ट'पेक्षा 'चॉइस'मध्ये मांसात मुरलेली चरबी जास्त असते. बाकी हाड आहे की नाही, आकार कसा, याची त्यांना फिकीर नव्हती. एकेकाळी हा गरिबाचा तुकडा होता असं त्या सांगतात. आता इथे कुठलंच बीफ स्वस्त राहिलेलं नाही, पण स्टेकच्या मानाने चक अजून परवडतो. दीड किलो ऐकायला खूप वाटतं, पण शिजताना तो जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने आक्रसतो. चार माणसांचं जेवण होऊन दुसऱ्या दिवसाला थोडं उरतं.

आमच्या घरी बीफ चालतं, सासूबाईंना चालत नाही. त्या इथे असल्या की हाच सगळा घाट मी लॅम्ब शोल्डरचा घालते. वेळ थोडा कमी लागतो आणि चरबी जास्त सुटते, एवढाच फरक. कृती तीच.

आदल्या रात्री करायचं काम एकच, ते म्हणजे मीठ. मांस कागदाने टिपून कोरडं करायचं आणि सगळ्या बाजूंनी मीठ चोळायचं. पौंडाला एक चमचा जाड कोशर मीठ, हे माझं माप. आपलं बारीक मीठ असेल तर त्याच्या निम्मं, कारण चमच्यात ते जास्त मावतं. मग तुकडा ताटलीत ठेवून फ्रिजमध्ये तसाच उघडा सोडायचा. मीठ आधी मांसातलं पाणी बाहेर ओढतं, त्या पाण्यात विरघळतं आणि मग हळूहळू आत मुरतं. सकाळपर्यंत वरची बाजू कोरडीठाक झालेली असते आणि रंग गडद होतो. आईला व्हिडिओ कॉलवर हे दाखवलं तेव्हा तिला मिठाचं काही वाटलं नाही. "उघडं? अगं, दुधाला वास लागेल," एवढंच ती म्हणाली. दूध बंद कॅनमध्ये असतं हे सांगूनही तिचं समाधान झालं नाही.

भांड्याबद्दल थोडं लांबण लावते, कारण निम्मं काम तेच करतं. बुडाला जाड, झाकण जड आणि घट्ट, गॅसवरून थेट ओव्हनमध्ये जाणारं, असं भांडं हवं. इथे त्याला डच ओव्हन म्हणतात. आपल्या बिडाच्या तव्याचं जे बीड, त्याचंच हे भांडं. वरून एनॅमलचा थर दिलेला, त्यामुळे टोमॅटो-वाईनसारखं आंबट काही घातलं तरी लोखंडाची चव उतरत नाही. इंग्लंडच्या अब्राहम डार्बीने १७०७ साली वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याआधी त्याने नेदरलँड्समधलं पितळेचं ओतकाम पाहिलं होतं, आणि भांड्याच्या नावातलं 'डच' तिथून आलं असं सांगतात. माझं भांडं सहा क्वार्टचं, म्हणजे साधारण पावणेसहा लिटरचं आहे. रिकामं उचलतानाच मनगटाला कळतं आणि भरलं की दोन्ही हात लागतात. ओव्हनची मधली जाळी काढून खालची ठेवायची, ती भांडं आत ठेवायच्या वेळी नाही तर आधीच. सहा किलोचं तापलेलं भांडं हातात धरून जाळ्या बदलता येत नाहीत.

सकाळी मांस तासभर बाहेर काढून ठेवते. मग भांड्यात दोन चमचे तेल, गॅस मोठ्याच्या जरा खाली, आणि तेल लाटांसारखं हलायला लागलं की तुकडा आत. इथे हात आवरायचा. चार-पाच मिनिटं त्याला हलवायचंच नाही. आधी तो बुडाला घट्ट धरून बसतो, खालची बाजू भाजली की आपण होऊन सुटतो. उलटला की दुसरी बाजू, मग कडा, चिमट्याने उभा धरून. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं जातात. रंग तपकिरी हवा, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीपेक्षाही दोन छटा गडद. करडा रंग आला तर तो भाजला नाही, वाफेवर शिजला. मांस ओलं असेल तर असंच होतं, कारण पाणी असेपर्यंत पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही आणि हा तपकिरी रंग धरायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. रात्रभर उघडं ठेवण्याचा फायदा इथे मिळतो.

भाजल्याने मांसातला रस आत 'बंद' होतो असं अजूनही पुष्कळजण सांगतात. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिश या मोठ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते मांडलं आणि तेव्हापासून ते स्वयंपाकघरांत ठाण मांडून बसलंय. ते खरं नाही. भाजलेल्या तुकड्यातूनही रस सुटतोच. चर्रचर्र आवाज येत राहतो तो त्याचाच. भाजायचं ते चवीसाठी. प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या या अभिक्रियेचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार याने १९१२ साली केलं, आणि त्याचंच नाव तिला आहे. शेजारच्या बाईंना लीबिशही माहीत नाही आणि मायारही. "भाजला नाहीस तर रस्सा आजाऱ्याच्या पेजेच्या रंगाचा होईल," अशा अर्थाचं त्या काहीतरी म्हणाल्या होत्या, फक्त त्यांच्या बोलण्यात पेजेऐवजी हॉस्पिटलचं सूप होतं. चाळीस वर्षं नर्स असलेल्या बाईचं हे मत मी प्रमाण मानते.

या वीस मिनिटांत आमच्याकडे स्मोक अलार्म वाजतोच. जानेवारीत बाहेर उणे पंधरा असताना खिडकी उघडायची, एकाने टॉवेल घेऊन अलार्मखाली वारा घालत उभं राहायचं, ही घरातली कामाची वाटणी ठरलेली आहे. नवऱ्याने टॉवेल घ्यायचा.

तुकडा बाहेर काढून ताटलीत ठेवला की भांड्याच्या बुडाला काळपट-तपकिरी थर दिसतो. आपल्या सवयीने हात लगेच घासणीकडे जातो. तो थर म्हणजेच रश्श्याचा मसाला. त्यावर दोन मोठे कांदे, जाड उभे चिरलेले. कांद्याला पाणी सुटतं तसा थर सैल होतो. कांदा गुलाबी-सोनेरी झाला की लसणीच्या सहा-सात पाकळ्या नुसत्या ठेचून आणि दोन चमचे टोमॅटो पेस्ट. ही पेस्ट मिनिटभर परतायची, विटकरी रंग येईपर्यंत. नाहीतर डब्याची चव राहते. मग पेलाभर लाल वाईन. घरात वाईन नको असेल तर स्टॉकच घाला आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर. लाकडी उलथन्याने बूड खरवडायचं, सगळं सुटून पातळ तपकिरी रस होतो. वाईन निम्मी आटली की दीड-दोन कप बीफ स्टॉक, कमी मिठाचा. मांसाला मीठ आधीच लागलेलं असतं आणि रस्सा पुढे आटणार असतो, त्यामुळे नेहमीचा खारट स्टॉक घातला तर शेवटी तोंड वाकडं होतं.

आता मांस परत आत, सुटलेल्या रसासकट. स्टॉक त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत यावा. बुडवायचं नाही. बुडवलं तर वरची बाजू भाजत नाही आणि रस्साही पांचट होतो.

मसाला म्हणावा तर थाइमच्या चार काड्या, भरड मिरी, दोन बे लीफ आणि चमचाभर वूस्टरशर सॉस. या सॉसचं मला कौतुक आहे. ली अँड पेरिन्स १८३७ पासून तो इंग्लंडच्या वूस्टर गावातून विकत आलेत आणि त्यात अँचोव्ही मासे आहेत तशी चिंचही आहे. म्हणजे अमेरिकन आजीच्या रोस्टमध्ये चिंच जातेच, फक्त बाटलीतून. बे लीफचं मात्र सांभाळा. इथल्या भारतीय दुकानात 'बे लीफ' म्हणून जे पाकीट मिळतं ते आपलं तमालपत्र असतं. पान हातात घेऊन बघा: देठापासून टोकाकडे तीन लांब शिरा गेलेल्या असतील तर ते तमालपत्र, दालचिनीच्या कुळातलं, वासही तसाच. इथलं बे लीफ वेगळ्याच झाडाचं. मध्ये एकच शीर आणि वास निलगिरीकडे झुकणारा. तमालपत्र घालून रोस्ट बिघडत नाही, पण तो पुलावाच्या वाटेला लागतो. मी दोन्ही करून पाहिलंय, आणि या एका पदार्थापुरतं मी इथल्या पानाच्या बाजूची आहे. गरम मसाल्याचाही मोह होतो. तो आवरला तर गाजर, कांदा, मांस यांच्या स्वतःच्या चवी कळतात. एरवी मी काळ्या मसाल्याशिवाय मटणाला हात लावत नाही, तेव्हा हे बोलणं माझ्या घरी कुणी गांभीर्याने घेत नाही.

इथल्या घरांत 'सोपा पॉट रोस्ट' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पाकीट येतं. लिप्टनचं कांद्याच्या सुपाचं कोरडं मिश्रण १९५२ साली बाजारात आलं आणि मांसावर ते पाकीट उपडं करून, फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये ढकलायचं, ही पद्धत घरोघरी गेली. पुढे मिसिसिपी राज्यातल्या रिप्ले गावच्या रॉबिन चॅपमन यांनी मुलांना तिखट लागू नये म्हणून रँच ड्रेसिंगचं पाकीट, ग्रेव्हीचं पाकीट, लोण्याची अख्खी कांडी आणि लोणच्याच्या सौम्य मिरच्या घालून जो रोस्ट केला, तो तर 'मिसिसिपी रोस्ट' म्हणून देशभर झाला. मी दोन्ही खाल्लेत, आवडीने. पण पाकिटात मिठाचा मारा इतका असतो की रात्री दोनदा पाणी प्यायला उठावं लागतं. आणि पाकिटाने वाचतात किती मिनिटं? कांदा चिरायची आणि पेस्ट परतायची, फार तर पंधरा. खरा सोपेपणा पुढच्या चार तासांत आहे, आणि तो पाकिटावाल्यांना जेवढा मिळतो तेवढाच आपल्यालाही.

ओव्हन ३०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १५० सेल्सिअस. भांड्यातलं रटरटायला लागलं की आत. झाकण बोटभर फट ठेवून तिरकं बसवते. यावर शेजारच्या बाईंचं आणि माझं पटत नाही. त्या घट्ट लावतात. फटीतून वाफ जात राहिली की आतला रस्सा उकळीच्या खालीच राहतो, आणि पाण्याबाहेर राहिलेली मांसाची पाठ हळूहळू भाजून काढल्यासारखी काळसर होते. घट्ट झाकणाखाली तो जोरात उकळतो. मऊ दोन्हीकडे होतं. फट ठेवलेल्याला चव जास्त, एवढं मी त्यांना तोंडावर सांगितलंय. त्या म्हणाल्या, "हो, आणि माझ्याकडे रस्सा जास्त."

आईचा पुढचा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. "चार तास? तेवढ्यात लग्नाचा स्वयंपाक उरकेल. कुकरला लाव ना!" लावता येतं. कुकरमध्ये तासाभरात मांस मऊ होतं हे खरंच आहे. पण आत तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. पडदे लवकर विरघळतात, तसेच स्नायूंचे धागेही जोरात आवळले जातात आणि त्यांतला रस पिळून निघतो. मग तुकडा मऊ असूनही घशात कोरडा लागतो, आणि रस्सा पातळ, कारण वाफ बाहेर जायला वाव नाही. गॅसवर मंद ठेवलं तर आच फक्त खालून. बूड लागू नये म्हणून दर वीस मिनिटांनी उठा. ओव्हनमध्ये आच चहूबाजूंनी येते. ढवळायचं नाही, बघायचं नाही, पाणी घालायचं नाही. बाईंची आई हे भांडं रविवारी चर्चला जाण्याआधी ओव्हनमध्ये ठेवायची आणि प्रवचन, प्रार्थना, दारातल्या गप्पा उरकून घरी आलं की जेवण तयार असायचं. प्रवचन लांबलं तरी बिघडत नाही, हा या पदार्थाचा मोठा गुण. अर्धा तास इकडेतिकडे त्याला चालतो.

आणि मिलवॉकीच्या जानेवारीत ओव्हन चार तास चालू असणं हा खर्च वाटतच नाही. मिशिगन तळ्यावरून वारा आला की हीटर चालू असूनही स्वयंपाकघराच्या फरशीला पाय टेकवत नाही. पॉट रोस्टच्या दिवशी सगळे आपापले लॅपटॉप घेऊन त्याच खोलीत येऊन बसतात. जुलैत हा पदार्थ माझ्या डोक्यातही येत नाही.

दोन तासांनी एकदा झाकण उघडून तुकडा उलटते. त्या वेळी काटा टोचून पाहिलात तर पोटात गोळा येईल, कारण मांस तेव्हा सर्वात कडक असतं. बहुतेकांचा पॉट रोस्ट इथे फसतो: चिवट लागला म्हणजे जास्त शिजला असं समजून ते बाहेर काढतात. खरं तर तो अजून अर्धवटच झालेला असतो. खायला सुरक्षित म्हणाल तर बीफचा अख्खा तुकडा आत १४५ अंश फॅरनहाइट होऊन तीन मिनिटं थांबला की झाला, पण तेव्हा त्याचे धागे आवळलेले असतात आणि पडदे जसेच्या तसे. ते विरघळायला आतलं तापमान २००च्या आसपास पोचावं लागतं आणि तिथे काही वेळ राहावंही लागतं. थर्मामीटर असेल तर १९५ ते २०५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण ९१ ते ९६ सेल्सिअस, हा पट्टा लक्षात ठेवा. नसेल तर दातेरी काटा टोचून पिळा. मांस काट्याबरोबर फिरलं की झालं. काट्याला अडवून धरलं तर झाकण लावा आणि अर्ध्या तासाने या.

भाज्या मी शेवटच्या सव्वा तासात घालते. गाजरं सोलून दोन-दोन इंचांचे जाड तुकडे, सेलरीच्या दोन काड्या, आणि युकॉन गोल्ड बटाटे अर्धे करून. बेक करायचे ते मोठे रसेट बटाटे इथे विरघळून जातात. सुरुवातीलाच घातल्या तर गाजरांचा लगदा होतो, तेव्हा उशिरा घालणं बरोबर. पण फार उशीरही नको. रश्श्यात टोमॅटो आणि वाईन आहे. चिंच आधी घातली की डाळ जशी शिजायला कुरकुरते, तसा या आंबटात बटाटाही वेळ घेतो. पंचवीस मिनिटांत होईल या हिशेबाने बसलात तर पाहुणे ताटावर आणि बटाटे कच्चे.

एकूण साडेतीन-पावणेचार तास. मांस बाहेर काढून झाकून ठेवते, वीस मिनिटं. तेवढ्यात रस्सा बघायचा. वर चरबीचा पिवळा थर आलेला असतो, तो पळीने तिरका धरून काढायचा. रस्सा पातळ वाटला तर भाज्या काढून गॅसवर पाच-सात मिनिटं आटवते. इथे पीठ-लोण्याचं मिश्रण किंवा कॉर्नफ्लॉवर लावतात. मला त्याची गरज वाटत नाही, कांदा विरघळून आणि जिलेटिन उतरून तो पुरेसा दाट असतो. चव बघा. बहुतेक वेळा मिठाची नाही, आंबटाची कमतरता असते. अर्धा चमचा व्हिनेगर घातलं की चव एकदम उभी राहते.

कापताना धाग्यांची दिशा बघायची आणि आडवं कापायचं. धाग्यांच्या दिशेने कापलं तर मऊ मांसही दातात अडकतं. नीट शिजलेला असेल तर मात्र सुरी नावापुरतीच. चमच्यानेच लादे सुटतात. पहिल्यांदा केला तेव्हा शेजारच्या बाईंना बोलावलं होतं. त्यांनी आधी रस्सा चाखला, मग गाजर, मांस शेवटी. "मिरी जास्त आहे," म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. नवऱ्याने शेजारी कांदा-लिंबू आणि हिरवी मिरची मांडली होती. बाईंनी लिंबू पिळून पाहिलं. मिरचीकडे बघितलंही नाही.

पुण्याच्या माझ्या धाकट्या बहिणीने फोटो पाहून लगेच विचारलं, इथे कसं करू? महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे, तेव्हा तिने बोकडाचा पुढचा खांदा घेतला. खाटकाला "तुकडे करू नका, अख्खा द्या" हे तिला तीनदा सांगावं लागलं, आणि तरी त्याने सवयीने सत्तूर उचललाच होता. तिच्या ओटीजीमध्ये माझ्यासारखं भांडं मावत नाही. तिने जाड बुडाचं स्टीलचं पसरट पातेलं घेतलं, प्लास्टिकची मूठ नसलेलं, आणि वर फॉइलचे दोन थर घट्ट आवळून झाकण ठेवलं. १५० अंश, खालचा-वरचा दोन्ही कॉइल. बोकडाचा खांदा लहान असतो, अडीच तासांत हाडापासून सुटला. बोकडाला बीफइतकी चरबी नसते, म्हणून पुढच्या वेळी ती दोन चमचे तूप जास्त घालणार आहे. तिने वाईनऐवजी स्टॉक आणि थाइमऐवजी चिमूटभर ओवा वापरला. दोघांत थायमॉल असतं, त्यामुळे वास जवळपास येतो, पण ओवा खरंच चिमूटभर. जास्त झाला तर पोटदुखीचं औषध खाल्ल्यासारखं वाटतं असं तिचं म्हणणं.

उरलेला रोस्ट दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, आणि तो रश्श्यातच ठेवा. बाहेर काढून ठेवलात तर सुकतो. दुसऱ्या दिवशी वरची चरबी पांढरी, घट्ट झालेली असते. ती सालीसारखी उचलली जाते, आदल्या दिवशी पळीने जे जमत नाही ते इथे आपोआप होतं. खाली रस्सा थरथरता गोठलेला दिसतो, म्हणजे जिलेटिन नीट उतरलंय. पाहुणे बोलवायचे असतील तर मी मुद्दाम आदल्या दिवशीच करून ठेवते. चव मुरते आणि गार तुकडा सुरेख कापला जातो. रश्श्यात झाकून, मंद आचेवर गरम करायचा. मायक्रोवेव्हमध्ये कडा पुन्हा चामड्यासारख्या होतात.

दुसऱ्या दिवशी मुलगा पावात घालून, वर झणझणीत हॉर्सरॅडिश लावून खातो. नवरा उरलेलं मांस कुस्करतो, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून तव्यावर कोरडं परततो आणि भाकरीबरोबर खातो. परवा शेजारच्या बाई नेमक्या तेव्हाच आल्या. त्यांनी तव्यात डोकावून "हे काय करताय माझ्या रोस्टचं?" म्हणून विचारलं, खुर्ची ओढली आणि अर्धी भाकरी मागून घेतली. या वेळी मिरचीसकट.